वेध

आज ज्या शब्दापाशी थोडे थांबायचे आहे तो आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. सणाचे वेध लागतात, आषाढ जवळ आला की पंढरीचे वेध लागतात, धनुर्धर लक्ष्याचा वेध घेतो, आणि ग्रहणापूर्वीचे काही प्रहर वेधाचे म्हणून पाळले जातात. या साऱ्या वेधांत एक सूत्र सारखे आहे: जे अजून आपल्या हाती आलेले नाही, त्याने आपल्याला मात्र आधीच धरलेले असते. हा शब्द मी पुष्कळ वर्षे मनात घोळवीत आलो आहे, आणि अलीकडे त्याचा एक पदर सुटला तो मांजराच्या गळ्यातल्या एका खेळण्यामुळे.

कुंभकोणमच्या दक्षिणेला साक्कोट्टै नावाचे गाव आहे. व्यंकोजीराजांपासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, १७९९ पर्यंत या कावेरीकाठच्या प्रदेशावर भोसल्यांचे राज्य होते, आणि इथल्या काही घरांत तमिळच्या लयीने बोलली जाणारी मराठी अजून टिकून आहे. अशाच एका घरी ते खेळणे पाहिले. गळपट्ट्याला अडकवलेला बोटाच्या पेराएवढा दिवा. कळ दाबली की त्यातून लाल किरण निघतो आणि मांजराच्या समोर जमिनीवर किंवा भिंतीवर त्याचा ठिपका पडतो. मांजराने तो पाहिला आणि त्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, कान पुढे वळले, पोट जमिनीला टेकले, मागचे पाय जागच्या जागी चुळबुळले, आणि झडप पडली. पंजा बरोबर ठिपक्यावर पडला. मग त्याने पंजा हळूच उचलून खाली पाहिले. तिथे फरशी होती. पाहण्यासाठी मान वाकवली तेवढ्यात ठिपका त्याच्याच छातीखालून मागे गेला होता, आणि मान वर करताच तो समोरच्या खांबावर जाऊन थरथरत होता.

मांजराला लाल रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही. त्याला खेचते ती हालचाल. थांबते, निसटते, पुन्हा थांबते, असे जे काही लहानसे हलते त्याचा वेध घेण्यासाठीच त्याचे डोळे, कान आणि मिशा घडलेल्या आहेत. दबा धरणे, पाठलाग, झडप, पकड, चावा, भक्षण अशी शिकारीची पावले एकामागून एक ठरलेली असतात. खऱ्या शिकारीतही कितीतरी झडपा वाया जातात, आणि त्याने मांजराचे काही बिघडत नाही, कारण निसटलेला उंदीर होता. त्याचा वास मागे उरतो, तो शिरला ते बीळ दिसते, उद्या पुन्हा तेथे बसता येते. प्रकाशाच्या ठिपक्याला वास नाही, ऊब नाही, पंजाखाली धडपडणारे अंग नाही. झडप अचूक पडली तरी पकड घडत नाही, आणि वेध तसाच उघडा राहतो. २०२१ साली ‘ॲनिमल्स’ या शोधपत्रिकेत ६१८ मांजरपालकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास आला. ज्या घरी लेसरच्या अशा ठिपक्याचा खेळ अधिक वेळा होतो तिथली मांजरे दिव्यांच्या नि सावल्यांच्या मागे धावणे, कवडशाकडे एकटक पाहत राहणे, एकाच खेळण्याला चिकटून बसणे अशा सवयींत अधिक आढळली. हा सहसंबंध आहे, यावरून कारण सिद्ध होत नाही. पण न मिटलेला वेध जिवाला कुठे नेतो, याचा विचार करणाऱ्याला तो चटका लावून जातो.

येथे पुष्कळजण घाईने म्हणतील की ठिपका माया आहे, त्याच्या मागे धावणे हा भ्रम आहे, म्हणून धावणेच सोडावे. मला हे पटत नाही. मांजराचा वेध खोटा नव्हता. त्याच्यात जे जागे झाले ते त्याच्या जातीचे सर्वांत खरे बळ होते. तसेच माणसाचे. कीर्तीच्या, पैशाच्या, कौतुकाच्या मागे जो जीव ऊर फुटेस्तोवर धावतो, त्याच्या धावण्यातली ओढ भगवंतानेच दिलेली आहे, आणि ती ओढ मारून टाकलेला माणूस विरक्त होत नाही, नुसता थकलेला होतो. वेध ही देणगी आहे. प्रश्न एवढाच की तो कशाशी जाऊन मिळतो.

साक्कोट्टैच्या भूमीला हा प्रश्न नवा नाही. प्रलयकाळी सृष्टीची बीजे आणि अमृत ज्या कुंभात ठेवले होते तो पाण्यावर तरंगत दक्षिणेला आला, शिवाने किराताचे म्हणजे शिकाऱ्याचे रूप घेतले, बाणाने त्या कुंभाचा वेध घेतला, आणि अमृत या मातीत सांडले, अशी कुंभकोणमची कथा आहे. त्या कुंभाचा काही भाग साक्कोट्टैला विसावला असे तिथले स्थलपुराण मानते. तिथल्या देवाचे नावच अमृतकलशनाथ, आणि गावाचे जुने नाव कलयनल्लूर. सुंदरर या शैव संताने या स्थळाचे पद रचलेले आहे. आता पाहा, देव शिकारी झाला, त्यानेही वेध घेतला, पण त्याचा बाण पोकळ हवेत गेला नाही. तो घटाला लागला, घट फुटला, आणि जे आत होते ते बाहेर आले. कथेनुसार अमृताने भिजलेल्या वाळूचेच पुढे लिंग झाले, म्हणजे वेधाच्या शेवटी हाताने स्पर्श करता येईल अशी वस्तू उरली. आपल्या वारकऱ्यांनीही हेच मागितले. पायी चालत जायचे ते पायांवर डोके टेकवायला, विटेवरच्या त्या पाषाणाला हात लावायला. सगुणाचा हा आग्रह अडाणी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पंजा उचलून फरशीकडे पाहणारे ते मांजर पाहावे.

आता गळपट्ट्याकडे परत वळू, कारण या खेळण्याचे मर्म तिथेच आहे. किरण ज्याच्या गळ्यातून निघतो तोच त्या ठिपक्याचा वेध घेतो. मान किंचित वळली की दूरच्या भिंतीवरचा ठिपका हातभर सरकतो, पुढे धावले की ठिपका पुढे पळतो, आणि धावणारा थांबला तरी त्याच्या श्वासाने ठिपका हलतच राहतो. वेदान्तात कंठचामीकर नावाचा दृष्टान्त आहे: गळ्यातला सोन्याचा हार हरवला म्हणून बाई घरभर शोधते, कोणीतरी तिच्या गळ्याकडे बोट दाखवते, आणि तिला जे मिळते ते तिच्यापाशी होतेच. मांजराचीही तीच स्थिती म्हणावी, तर थोडे थांबावे लागते. त्या बाईला निदान हार हवा होता. मांजराला गळ्यातल्या दिव्याचा पत्ताच नाही. त्याला भिंतीवरचा ठिपका हवा आहे, आणि त्याच्या अंगाची प्रत्येक हालचाल त्या ठिपक्याला नवी दिशा देते. आपले सुखही बहुधा असेच भिंतीवर पडते. उजेड आतला, पडतो बाहेर, आणि आपण जितक्या त्वरेने त्याच्याकडे झेपावतो तितक्याच त्वरेने त्याला आपणच पुढे ढकलतो.

मग त्या बाईला वाचवले कोणी? शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या बोटाने. मला वाटते या विषयातला सगळ्यात मोलाचा पदर हा आहे. मांजराच्या खेळातही मुळात असा हात होता. १९९५ साली अमेरिकेत केव्हिन अमिस आणि मार्टिन ॲबट यांना लेसरच्या ठिपक्यामागे मांजराला पळवून व्यायाम देण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्या पद्धतीत दिवा माणसाच्या हातात होता. हात असला की दया करता येते: मांजर दमत आले की ठिपका सावकाश खाऊच्या तुकड्यापाशी किंवा कापडाच्या उंदरापाशी नेऊन विझवता येतो, म्हणजे शेवटची झडप कशावर तरी पडते, दातांना काही लागते. प्राणिवैद्यही हेच सुचवतात. दिवा गळ्यात अडकवला आणि माणूस आपल्या कामाला गेला की हा हातच नाहीसा होतो, वेध लावणारा उरतो आणि वेध पुरवणारा उरत नाही. गुरूची गरज कशासाठी, असे जे विचारतात त्यांना मी हेच सांगेन. ओढ आपल्यापाशी आहे, उजेडही आपल्यापाशी आहे. तो उजेड खऱ्या घासापर्यंत नेणारा हात तेवढा बाहेरून यावा लागतो.

असा एक हात जवळच होऊन गेला. साक्कोट्टैला लागून मरुदानल्लूर आहे. त्याच भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात तेथे सद्गुरुस्वामी नावाचे संत राहत, आणि दक्षिणेतल्या भजनाला त्यांनी क्रम लावून दिला, ज्यात जयदेवाच्या अष्टपदीबरोबर आपल्या संतांचे मराठी अभंगही तमिळ गळ्यांतून गाइले जातात. त्या क्रमात दिव्यनाम नावाचा भाग येतो. मधोमध पेटता दीप ठेवतात आणि भक्त त्याच्याभोवती गात, पावले टाकीत फिरतात. तेथे धावणे बंद झालेले नसते. पाय चालतच असतात, वेध पुरता जागा असतो, पण उजेड जागचा हलत नाही, आणि कोणाच्याही गळ्यात बांधलेला नसतो. पुढे फिरणारा, मागे फिरणारा, नुकताच येऊन मिळालेला, सगळे त्या ज्योतीपासून सारख्याच अंतरावर असतात. ज्याने हा क्रम बसवला त्याला माणसाच्या ओढीचा स्वभाव फार नीट कळला होता.

म्हणून ज्यांच्या घरी असे खेळणे असेल त्यांना एक विनंती करतो. दिवा गळपट्ट्यातून सोडवा आणि आपल्या हातात घ्या. लेसरचा असेल तर त्याची शक्ती ५ मिलिवॅटहून कमी आहे ना हे वेष्टनावर पाहून घ्या, आणि त्याचा किरण मुलाच्या किंवा जनावराच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. गळ्यात झुलणारा किरण कोणाच्या डोळ्यावर जाईल याचा नेम नसतो. थोडा वेळच खेळा. मग ठिपका वाटीपाशी आणा, विझवा, आणि त्या वाटीत खरोखरच काही घातलेले असू द्या.