पी. पी. काकू

लालबागला भारतमाता सिनेमापासून चालत पाच मिनिटांवर आमची चाळ. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना जुनी माणसं अजूनही ‘पी. पी. काकू’ म्हणतात. काका टेलिफोन खात्यात होते, म्हणून 1980च्या आसपास त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत फोन आला. तेव्हा मुंबईत फोनसाठी अर्ज केलेली माणसं वर्षानुवर्षं थांबत. चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांनी मग तोच नंबर आपला मानला. नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर, गावच्या पत्रात नंबर लिहायचा आणि पुढे दोन अक्षरं टाकायची : पी. पी. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, माणसाला बोलावून देतील.

दार दिवसभर उघडं असे, पण कारभार शिस्तीचा. फोनशेजारी वही आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. आधी नाव लिहायचं, मग नंबर फिरवायचा, पैसे डब्यात टाकायचे. बोलणं तीन मिनिटं. आजाराचा, बाळंतपणाचा आणि मयताचा फोन सगळ्यांच्या आधी. तेव्हा बोलणाऱ्यानं रिसीव्हर तिथल्या तिथे खाली ठेवायचा. 18 जानेवारी 1982ला गिरणी संप सुरू झाला आणि घराघरातला पगार बंद झाला. तेव्हा काकूंनी डब्याचा नियम उठवला, वहीचा उठवला नाही. पैसे नसले तरी चालेल, नाव मात्र लिहा. कुणी किती वापरलं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्याच काकू वयाच्या 74व्या वर्षी युरोपच्या सहलीला निघाल्या. दादरच्या एका कंपनीची सहल : पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. सोबत टॅब न्यायचा होता, कारण फोनच्या लहान पडद्यावर त्यांना नातवंडांचे चेहरे नीट दिसत नाहीत. इंटरनेटची व्यवस्था माझ्याकडे होती.

टॅब सिमकार्डाचा होता, हे नशीब. नुसता वाय-फायवर चालणारा असता तर रस्त्यात त्याचा उपयोग पाटीइतकाच. इथल्या नंबरचं परदेशी रोमिंग घ्यायचं की प्रवासी डेटा कार्ड, याचा हिशेब करून मी 5 जीबीचं कार्ड घेतलं. घेताना एक गोष्ट पाहिली, आणि ती पाहिली म्हणून पुढचं सगळं घडलं. युरोपीय संघात 15 जून 2017पासून एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात जादा आकाराशिवाय चालतं. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘युरोप’ छापलेलं असतं आणि आतल्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंड नसतं, असं सर्रास होतं. काकूंच्या कार्डाच्या यादीत ते होतं. टॅबमधलं डेटा रोमिंग कसं सुरू करायचं, हॉटस्पॉट कुठे असतो, हे मी दोनदा करून दाखवलं, त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पॅरिसमध्ये सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी बसनं बासेलजवळ सीमा ओलांडली आणि एकेकाचा फोन मुका झाला. कुणाचं कार्ड चालेना, कुणाला जादा आकाराचे संदेश आले. काकूंचा टॅब तेवढा चालू होता. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. हॉटस्पॉट सुरू केला आणि सीटवरून उठून पासवर्ड मोठ्यानं सांगितला. दहा फोन जोडले गेले. बसमध्ये पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं, आणि काकूंना आपली जुनी खोली आठवली.

पुढच्या रांगेत दादरचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांची मुलगी परळच्या वाडिया प्रसूतिगृहात दाखल होती. ते भिडस्त गृहस्थ. इतरांचं होऊ द्यावं, मग आपण बघू, म्हणून फोन हातात धरून बसून राहिले. तासाभरानं त्यांनी हळूच विचारलं, “मी जोडू का?” काकूंनी टॅब पाहिला. नेट बंद. कार्डावरचे उरलेले 4 जीबी संपले होते.

पुन्हा भरायचे तर ते भरायलाच नेट हवं. आणि बँकेचा ओटीपी येणार काकूंच्या भारतातल्या नंबरवर, ज्याचं रोमिंग आम्ही पैसे वाचवायला घेतलंच नव्हतं. ही चूक माझी. सहलीच्या मॅनेजरनं स्वतःच्या फोनवरून जावयाला तीनदा फोन लावून दिला, पण परदेशी अनोळखी नंबर पाहून त्यानं उचलला नाही. हल्ली फसवणुकीच्या भीतीनं कोण उचलतं? ल्युसर्नच्या हॉटेलात वाय-फाय मिळेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले, म्हणजे मुंबईत बारा. मुलगी झाली होती, पाच तासांपूर्वी. बाळंतिणीला रक्त द्यावं लागलं होतं. आता ती बरी होती. मास्तर तिथेच लॉबीत खुर्चीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मध्यरात्री काकूंचा मला फोन आला. “चार जीबी तासाभरात गेले कुठे? कुणी सिनेमा तर पाहिला नाही!”

सिनेमा कुणी पाहिला नव्हता. कुणी लबाडीही केली नव्हती. हॉटस्पॉटला जोडलेला फोन पुष्कळदा समजतो की आपल्याला घरचं वाय-फाय मिळालं. मग फोटोंची प्रत वर पाठवणं, अॅप अद्ययावत करणं अशी वाय-फायसाठी राखून ठेवलेली सगळी कामं तो आपण होऊन सुरू करतो. एक फोटो साधारण 3-4 एमबीचा. दहा जणांचे पॅरिसमधले तीन दिवसांचे फोटो आणि व्हिडिओ खिशातल्या खिशात वर चढत होते. ज्यांच्या खिशात ते घडत होतं, त्यांनाही पत्ता नव्हता.

काकू ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “अरे, नळ मी सोडला आणि बादल्याच मोजल्या नाहीत. चाळीत मास्तरांचा फोन पहिला लागला असता.”

मी मुंबईतून माझ्या कार्डानं 3 जीबी भरून दिले. मला वाटलं, आता त्या पासवर्ड कुणाला सांगणार नाहीत. सांगू नये, असं मी सुचवलंही. “म्हणजे मास्तरांनी बातमीसाठी रोज रात्रीपर्यंत थांबायचं?” एवढंच त्या म्हणाल्या. माझा सल्ला किती कोता होता, ते मला त्या प्रश्नानं कळलं.

सकाळी बस सुटण्याआधी काकू पहिल्या सीटवर वही घेऊन बसल्या. ज्याला नेट हवं त्यानं फोन घेऊन यायचं. हे वाय-फाय मर्यादित आहे, असं फोनच्या सेटिंगमध्ये नोंदवायचं, म्हणजे तो मागच्या दाराची कामं थांबवतो. फोटोंची प्रत रात्री हॉटेलात. वहीत नाव, तीन मिनिटं, मग जोडणी तोडायची. आजार आणि बाळंतपण आधी. एक तरुण जरा चिडला, म्हणाला, “काकू, मी पैसे देतो ना, एवढं कशाला?” काकू म्हणाल्या, “पैसे नकोत बाळा. नाव लिही.” त्यानं लिहिलं. दुपारपर्यंत तोच इतरांच्या फोनमधलं सेटिंग बदलून देत होता.

त्या दिवशी टिटलिसवर, 3,020 मीटर उंचीवरच्या बर्फात, मास्तरांनी नात पहिल्यांदा पाहिली. एक मिनिटाचा व्हिडिओ कॉल. तेवढा वेळ बाकीचे सगळे फोन बंद होते. कुणाला सांगावं लागलं नाही.

परत आल्यावर काकूंनी मला ती वही दाखवली. ल्युसर्नपासून रोमपर्यंतच्या प्रत्येक पानावर पहिलं नाव मास्तरांचं आहे. रोमच्या विमानतळावर कार्ड काढलं तेव्हा 3 जीबीतले 600 एमबी शिल्लक होते.