हद्दीची वाढ, माणसांची वाढ

औंधचा पूल ओलांडला की सांगवी लागते. मधून मुळा वाहते आणि नदीबरोबर महापालिकाही बदलते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शेजाऱ्यांमध्ये लोकसंख्येची स्पर्धा बरीच वर्षे चालू आहे. पिंपरी-चिंचवड लवकरच पुण्याला मागे टाकणार, असे एका काठावर ठामपणे सांगितले जाते. 2021 मध्ये 23 गावे आल्यावर पुण्याची हद्द मुंबईपेक्षाही मोठी झाली, हे दुसऱ्या काठावर अभिमानाने सांगितले जाते. या दोन दाव्यांत दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास परिचित आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी, टेल्को, बजाज. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. 1991 च्या जनगणनेत येथे सुमारे 5 लाख 17 हजार माणसे होती, 2001 मध्ये सुमारे 10 लाख आणि 2011 मध्ये 17 लाख 27 हजार.

या आकड्यांत एक महत्त्वाचा फरक दडलेला आहे. शहर दोन रीतींनी वाढते. पहिल्या रीतीत माणसे येतात, जन्मतात, घरे बांधतात. दुसऱ्या रीतीत एक अधिसूचना निघते आणि शेजारची गावे शहरात जमा होतात. पहिलीला पाणी, शाळा, दवाखाने लागतात. दुसरीत तीच माणसे त्याच घरांत राहतात, फक्त कर भरण्याचे कार्यालय बदलते. 1997 मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, रावेत अशी गावे पिंपरी-चिंचवडला जोडली गेली. त्यामुळे नव्वदच्या दशकातली तिथली दुपटीची वाढ जशीच्या तशी माणसांची वाढ म्हणता येत नाही. पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच वर्षी पुण्यात 38 गावे आली, 2001 मध्ये त्यांतली काही वगळली गेली आणि पुढे 2017 व 2021 मध्ये वगळलेल्यांपैकी बरीच परत आली. शहर फुगले, आकसले, पुन्हा फुगले. गावकरी मात्र होते तिथेच होते.

या स्पर्धेतला सर्वांत आग्रही पक्ष टक्केवारी मांडणाऱ्यांचा आहे. 2001 ते 2011 या दशकात पिंपरी-चिंचवड सुमारे 70 टक्क्यांनी वाढले, पुणे सुमारे 23 टक्क्यांनी. हाच वेग पुढे धरला की निकाल लागलाच, असे हा पक्ष मानतो. लहान पायावरची टक्केवारी मोठी दिसतेच, हे त्याला पहिले उत्तर. दुसरे असे की मोकळी जमीन संपत आली की वेग उतरतो. पिंपरी-चिंचवडची हद्द 181 चौरस किलोमीटरची आहे आणि वाकड, पिंपळे सौदागर, रहाटणी भरून गेली आहेत. तरीही या पक्षाचे एक म्हणणे खोडता येत नाही. त्या दशकात पिंपरी-चिंचवडची हद्द ताथवडे वगळता जवळपास स्थिर होती आणि तरी तिथे सुमारे सात लाख माणसे वाढली. पुण्यात सहा लाखांच्या आत. ही वाढ कागदावरची नव्हती. हिंजवडीत नोकरी आणि वाकडला घर, हा त्या पिढीचा मार्ग होता.

मोजणीच्या चढाओढीची टोकाची कथा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घडली. मिसिसिपीकाठची मिनीआपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरे 1890 च्या जनगणनेत इतकी ईर्षेला पेटली की मिनीआपोलिसच्या गणकांना अटक झाली आणि फेरमोजणीचा आदेश निघाला. सेंट पॉलच्या यादीत रेल्वे स्थानकावर राहणारी पावणेतीनशे माणसे सापडली. फेरमोजणीत मिनीआपोलिसचे 18,229 रहिवासी कमी झाले, सेंट पॉलचे 9,425. क्रमांक मात्र बदलला नाही. मिनीआपोलिस पुढेच राहिले. इतका खटाटोप निव्वळ प्रतिष्ठेसाठी झाला.

यावरून लोकसंख्येची चढाओढ म्हणजे पोकळ अभिमान, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पुणे परिसरात तो टिकत नाही. येथे आकड्यावर बरेच काही ठरते. 2017 मध्ये पुण्याचे 162 आणि पिंपरी-चिंचवडचे 128 नगरसेवक कायद्यातल्या लोकसंख्येच्या सूत्राने ठरले. 2025 च्या प्रभागरचनेत समाविष्ट गावांमुळे पुण्याचे 165 झाले. पिंपरी-चिंचवडचे 128 च राहिले, कारण आधार 2011 च्या जनगणनेचाच होता. मधल्या वर्षांत पुनावळे, मोशी, चऱ्होलीत उभ्या राहिलेल्या इमारतींमधल्या माणसांना त्या हिशेबात जागाच नाही. हद्दीने आलेला माणूस मोजला गेला, स्वतः राहायला आलेला मोजला गेला नाही.

पाण्याची बाब अधिक गंभीर आहे. पुणे खडकवासला साखळीवर जगते, पिंपरी-चिंचवड पवनेवर. पाण्याचा कोटा माणशी गणिताने मागितला जातो. ज्याचा आकडा जुना, त्याच्या टाकीत पाणी कमी. आणि वाढीव मागणी कोणाच्या तरी वाट्यातूनच पुरी होते. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर पोलीस गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. ते तिघे शहराच्या लोकसंख्येत नव्हते, पण त्या वाढीची किंमत त्यांनी मोजली.

तेव्हा दोन शहरांनी आपल्या आकड्यासाठी भांडणे योग्यच आहे; नाकारायची ती सरमिसळ. हद्दीने आलेली माणसे आणि प्रत्यक्ष वाढलेली माणसे वेगळ्या रकान्यांत दाखवली पाहिजेत, आणि 2011 च्या हद्दीवरची तुलना आधी प्रसिद्ध झाली पाहिजे. पुढच्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 रोजी गोठवल्या गेल्या आहेत आणि मोजणीची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे.