बुडवल्यानंतर

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला पेन्साकोला नावाचं बंदर आहे. उन्हाळ्यात तिथून सकाळी सकाळी स्कूबा करणाऱ्यांच्या बोटी निघतात. दहा-बारा अनोळखी माणसं, कडेला दोरीने बांधलेले सिलिंडर आणि खुल्या समुद्रातला सुमारे पस्तीस किलोमीटरचा प्रवास. वाटेत जोड्या लावल्या जातात. खाली गेल्यावर ज्याची हवा आधी संपत येईल त्याने वर यायचं आणि त्याच्याबरोबर त्याच्या जोडीदारानेही, समोर कितीही सुंदर काही असलं तरी. परतताना हजेरी घेतली जाते, शेवटचं नाव पुकारून होईपर्यंत बोट हलत नाही. हा नियम कुणाला जाचक वाटत नाही. एकदा जबाबदारी घेतली की समोरचा माणूस सुखरूप वर येईपर्यंत ती संपत नाही, हे सगळ्यांनाच पटलेलं असतं.

ही मंडळी जे पाहायला जातात ते जहाज आहे ‘ओरिस्कनी’. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत वापरलेली ही विमानवाहू नौका. १९६६ साली तिच्यावर लागलेल्या आगीत ४४ जण गेले. १७ मे २००६ रोजी अमेरिकेच्या नौदलाने तिच्या पोटात स्फोट घडवून तिला मुद्दाम बुडवलं. सदतीस मिनिटांत ती दिसेनाशी झाली आणि सरळ उभी तळाला टेकली. मासळीला आसरा व्हावा, पाणबुड्यांना पाहायला काही मिळावं, म्हणून केलेली ही कृत्रिम रीफ.

बोटीवरच्या मंडळींना दिसतो तो या जहाजाचा वरचा मनोरा. साधारण पंचवीस मीटरवर तो सुरू होतो. पोलादाच्या पत्र्यावर स्पंज आणि शिंपले इतके दाट बसलेत की मूळ रंग कुठला ते कळत नाही; खिडकीच्या चौकटीतून लहान मासे आत-बाहेर करत असतात. विमानांची धावपट्टी मात्र त्याच्या बरीच खाली, चव्वेचाळीस मीटरच्या आसपास आहे. हौशी पाणबुड्याची मर्यादा चाळीस मीटर. म्हणजे सहलीला गेलेला माणूस वरचं तेवढं बघून परततो. जहाजाचं पोट त्याच्या वाट्याला येत नाही.

आणि खरा प्रश्न त्या पोटातच आहे. जहाज बुडवण्याआधी तेल, रंग, ॲस्बेस्टॉस काढायला मोठा खर्च झाला. तरीही जुन्या विजेच्या तारांच्या वेष्टनात शेकडो किलो पीसीबी राहिलं. हे रसायन सहज नष्ट होत नाही, माशांच्या चरबीत साठत जातं. धोका मर्यादित आहे असा हिशेब मांडून पर्यावरण खात्याने परवानगी दिली. तो हिशेब खोटा होता असं मी म्हणत नाही. पण तो मांडणारे आणि तो मासा खाणारे एकच नव्हते, हे मात्र मनातून जात नाही.

समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणारा लंडन करार १९७२ चा. एखादी वस्तू केवळ विल्हेवाटीसाठी नव्हे, तर दुसऱ्या काही उद्देशाने समुद्रात ठेवली आणि ते कराराच्या हेतूंविरुद्ध नसलं, तर तो कचरा टाकणं ठरत नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे बरंचसं ठरणार ते उद्देशावर. त्याच वर्षी त्याच फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यासमोर, चांगल्या उद्देशाचं काय होऊ शकतं ते दाखवणारं एक काम सुरू झालं होतं. शंभराहून अधिक खासगी बोटी घेऊन स्वयंसेवक समुद्रात गेले आणि टायर टाकू लागले. पुढे तिथे जमा झालेल्या टायरांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. जमिनीवर टायरांचे ढीग साचले होते, समुद्रात मासे कमी होत होते. एका दगडात दोन्ही कामं होणार होती. त्या माणसांनी सुट्टीचा दिवस दिला, स्वतःचं इंधन जाळलं. त्यांच्या चांगुलपणावर शंका घेण्याचं काहीच कारण नाही. पण टायर बांधणाऱ्या पोलादी पट्ट्या खाऱ्या पाण्यात गंजल्या, गठ्ठे सुटले, आणि वादळांनी ते टायर शेजारच्या जिवंत प्रवाळावर नेऊन आपटले. टायरवर प्रवाळ धरलाच नाही. शेजारी जो होता तोही खरवडला गेला. पुढे २००७ पासून लष्कराचे पाणबुडे तिथे उतरून एकेक टायर वर काढू लागले.

आपल्याकडेही असं घडतं. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरात मदतीच्या गठ्ठ्यांतून निघालेले फाटके, विटलेले कपडे अनेकांनी पाहिले असतील. देणाऱ्याचं कपाट मोकळं झालं आणि त्याला पुण्यही लाभल्यासारखं वाटलं. छावणीतल्या माणसांना मात्र त्या ढिगाची वेगळी व्यवस्था लावावी लागली. नको असलेली वस्तू देण्यात गैर काही नाही. ज्याला ती दिली त्याचं पुढे काय झालं हे विचारायला आपण परत जात नाही, तिथे गैर सुरू होतं. समुद्र तर गठ्ठा परतही पाठवू शकत नाही.

बुडालेल्या जहाजाभोवती मासळी जमते, हे खरं. ती तिथे नव्याने वाढली की आसपासची येऊन गोळा झाली, यावर अभ्यासकांमध्ये अनेक वर्षं वाद आहे. नुसती गोळा झाली असेल, तर आपण समुद्राला काही दिलं नाही, पकडणाऱ्याचं काम तेवढं सोपं केलं. शिवाय बोलावलेल्यांबरोबर न बोलावलेलेही येतात. मूळचा आपल्याकडच्या हिंदी-प्रशांत पाण्यातला लायनफिश मेक्सिकोच्या आखातात पसरला, आणि तिथल्या कृत्रिम रीफांवर तो फार दाटीने आढळतो. छोटी मासळी तो फस्त करतो. हे कळलं ते कुणीतरी पुन्हा पुन्हा खाली जाऊन मोजलं म्हणून.

असं मोजण्याचं एक उदाहरण फ्लोरिडातलंच आहे. ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे नौदलाचं जहाज २००२ साली की लार्गोजवळ बुडवलं. त्यानंतर काही वर्षं स्वयंसेवक पाणबुडे पाटी-पेन्सिल घेऊन तिथे जात राहिले आणि कोणता मासा किती दिसला ते लिहीत राहिले. त्यांनी शेजारच्या नैसर्गिक प्रवाळावरही नोंदी ठेवल्या, कारण नव्या घरातली गर्दी जुनं घर ओस पाडून झाली आहे का, हे त्याशिवाय कळत नाही. तीही बोटीवरची सहलच, पण त्या बोटीवर जायला मला जास्त आवडेल.

आता हा विषय आपल्या दाराशी आला आहे. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करण्याची राज्य सरकारची योजना आहे. मालवण-तारकर्लीच्या स्कूबा व्यवसायावर कितीतरी घरं चालतात, त्यांना याचा आनंद होणं स्वाभाविक आहे, आणि मलाही ही कल्पना आवडते. मला हवी आहे ती फक्त पुढची तरतूद. जहाज स्वच्छ करण्याच्या खर्चाशेजारीच पुढच्या वीस वर्षांच्या पाहणीचा खर्चही अंदाजपत्रकात दिसावा. तिथे मासेमारी करू द्यायची की नाही, हे रापणकर आणि गिलनेटवाले यांना समोर बसवून आधी ठरावं. आणि पाहणीचं काम स्थानिक डायव्हर पोरांना पगारी मिळावं. त्यातली बरीचशी मच्छीमारांच्या घरातली आहेत. कुठल्या महिन्यात कुठला मासा कुठे असतो, हे त्यांना शिकवावं लागणार नाही. नोंदी दरवर्षी मराठीत छापून निवती-मालवणच्या मच्छीमार सोसायट्यांमध्ये लावाव्यात, वाईट निघाल्या तरीही.