भुकेल्याची पायरी

ख्रिस्ती धर्मात दीनसेवेला जे स्थान आहे त्याचे मूळ सामान्यतः दयेच्या उपदेशात शोधले जाते. परंतु मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायनिवाड्याचा प्रसंग जो लक्षपूर्वक वाचील, त्याला तेथे दयेहून निराळी आणि दात्याच्या अभिमानाला न मानवणारी एक गोष्ट आढळेल. त्या प्रसंगात प्रभू उभा आहे तो अन्न देणाराच्या नव्हे, अन्न मागणाराच्या जागी. आणि ज्यांनी भुकेल्यास जेवू घातले, त्यांना आपल्या हातून प्रभूची सेवा घडली याची गंधवार्ताही नव्हती. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आपणच ख्रिस्ताला घेऊन दरिद्र्याच्या दारी चाललो आहो अशी देणाराची समजूत झाली, की दानाला उपकाराचे आणि उपकाराला सौद्याचे रूप येण्यास वेळ लागत नाही.

या तत्त्वाची कसोटी सुकाळात लागत नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत बाजारात धान्य असे, परंतु रोजगार बुडाल्यामुळे ते विकत घेण्यास गरिबाच्या गाठी पैसा नसे. १८८० च्या दुष्काळ कमिशनलाही हे मान्य करावे लागले. सरकारची मदत मात्र संशयावर उभारलेली होती. जो उन्हातान्हात खडी फोडावयास येईल तोच खरा गरजू, असा दंडक. आणि १८७७ साली सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी अशा मजुराची रोजी सुमारे एक रत्तल धान्य व वर किरकोळ रोकड एवढ्यावर आणली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेला तिच्याविरुद्ध अर्ज करावे लागले. लबाडाच्या मुखी घास पडू नये म्हणून उपाशाची परीक्षा पाहणे खजिन्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असेल. पण त्या दृष्टान्तातील न्यायाधीश भुकेल्याच्या लायकीची चौकशी करीत नाही, एवढे खरे.

पंडिता रमाबाईंच्या चरित्राला या संदर्भात विशेष अर्थ आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, सरकारी गरीबगृहांत तरुण मुलींची होणारी विटंबना त्यांनी पाहिली आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्या आश्रयास आणल्या. १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनातील माणसे दोन हजारांच्या आसपास गेली. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग आणि छापखाना चालला. परंतु या खटाटोपाच्या मुळाशी होती ती एका भुकेल्या मुलीची आठवण. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने दुष्काळात भांडीकुंडी विकली. मोलमजुरीची लाज आणि भीक मागण्याचा संकोच यांपायी त्यांनी रानातल्या पाल्यावरही दिवस काढले. आणि शेवटी मरणोन्मुख आईसाठी बाजरीची भाकरी मागावयास शेजारणीच्या दारी गेलेल्या रमेच्या तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र येऊ लागले. भाकरी मिळाली, तिने आई वाचली नाही. शुभवर्तमानातील भुकेल्याच्या पायरीवर जी स्वतः उभी राहिली होती, तिला पुढे देण्याची पाळी आली तेव्हा मागणाराची परीक्षा घ्यावीशी वाटली नाही, यात नवल नाही.

तथापि, येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. मुक्तिसदनातील आश्रितांस ख्रिस्ती शिक्षण मिळाले व पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीच, १८९३ साली, रमाबाईंच्याच शारदासदन या संस्थेतील धर्मप्रचाराच्या वादावरून रानडे व भांडारकर यांनी तिच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला होता. हा आक्षेप केवळ द्वेषाचा म्हणून झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला दुसरा आसराच नाही त्याचा होकार कितपत स्वतंत्र, हा प्रश्न बाईंच्या निष्ठेविषयी शंका न घेताही विचारता येतो, आणि तो त्यांच्या टीकाकारांइतकाच शुभवर्तमानही विचारते. श्रद्धाळू माणसाने आपली श्रद्धा लपवावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ताटावर बसलेल्याने ती नाकारली तरी ताट उचलले जाणार नाही, याची हमी आधी हवी.

आणि आणखी एक जबाबदारी उरते. १९०० सालीच रमेशचंद्र दत्तांनी लॉर्ड कर्झन यांस उघड पत्रे लिहून जमीन-महसुलाचा भारी आकार हेही दुष्काळाच्या दाहकतेचे कारण असल्याचे दाखवून दिले. भुकेल्याला जेवू घालणारा धर्म त्याला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेविषयी मूग गिळून बसला, तर त्याची सेवा अर्धीच राहते. ज्याच्या जागी प्रभू उभा आहे असे आपण मानतो, त्याची भूक भागवणे हे जर कर्तव्य, तर त्याच्या घासावर कोणाचा हक्क बसला आहे हे विचारणे हा त्याच कर्तव्याचा भाग होय. मग ते विचारल्याने कचेरीची गैरमर्जी ओढवो अथवा वर्गणी देणारे सावकार दुखावोत.