जुन्या पट्ट्यावरची धार

कळंब, जि. यवतमाळ

चिरंजीव बाळास, मामाचे अनेक आशीर्वाद.

सोयाबीनच्या सोंगणीआधी तू सगळे विळे-कोयते एमरीच्या चाकावर लावून आणतोस, असं ताईच्या बोलण्यात आलं. बाबा रे, दर खेपेला चाक नको. त्यानं पोलाद नाहक झिजतं, आणि पातं तापून निळं पडलं की लोहारानं दिलेलं पाणी उतरतं; मग धार टिकत नाही. पातं बोथटलं तर दगडावर पाजव आणि शेवटचा हात चामड्यावर फिरव. त्याला कमरेचा जुना पट्टा पुरतो.

ब्लेड बदलायचे वस्तरे येण्याआधी न्हाव्याच्या दुकानात चामड्याचा पट्टा टांगलेला असायचाच. दगडावर घासलं की धारेच्या एका अंगाला पोलादाची केसासारखी कोर वळून राहते. पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवलास की ती लागते. चामडं तीच कोर काढून टाकतं.

पट्टा आधी पारखून घे. कापलेल्या टोकाला तंतू दिसले तर चामडं. कापडावर पापुद्रा दिसला तर रेक्झिन, ते उपयोगाचं नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेसारखं घट्ट चामडं मिळालं तर उत्तमच. बक्कल काढ, शिवण उसव आणि खरखरीत बाजू वर ठेवून पट्टा सपाट फळीवर चिकटव. त्यावर क्रोमियम ऑक्साइडच्या हिरव्या पॉलिशची वडी पातळ घास.

सुरी ओढताना पाठ पुढे, धार मागे. उलट केलंस तर चामडंच कापशील. कोन दगडावर धरलास तोच ठेव: घरच्या सुरीला 15 ते 20 अंश, कोयत्याला थोडा जास्त. हात हलका ठेव, दोन्ही अंगं आळीपाळीनं घे आणि शेवटी मनगट वळवू नकोस; तिथंच धार गोल होते.

कोयता किंवा कुऱ्हाड मात्र फळीवर ओढत बसू नकोस. पातं बाकावर पक्कं बसव, धार तुझ्यापासून लांब. मग चामड्याची लहान फळी पाठीकडून धारेबाहेर फिरव. विळ्याच्या आतल्या बाकासाठी पट्ट्याचा तुकडा गोल दांडक्यावर गुंडाळ. दातेरी विळ्याला हा उपाय चालत नाही.

पट्टा कोरडा ठेव, कापडात गुंडाळून ठेव. त्यावर बसलेला वाळूचा एक कण धारेला ओरखडा पाडतो.

2024 पासून वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे झाली आहे. चिंतामणीच्या दर्शनाला येशील तेव्हा तुझ्यासाठी करून ठेवलेली एक फळी घेऊन जा.

आणि एवढं ऐक: सोंगणीला येणाऱ्या बायांच्या हातात बोथट विळा देऊ नकोस. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोरात घसरलेलं पातंच बोटावर येतं. त्यांचे विळे आदल्या रात्री तू स्वतः पट्ट्यावरून काढून ठेवत जा.

तुझा मामा