सहाव्या जागेवरची चूक कुणाची?

बाळ जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही मराठी मुलखातली जुनी समजूत. काही घरांत हा विधी पाचवीलाच उरकतात. पाटा-वरवंटा पुजतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती काय लिहून गेली ते मात्र कुणालाच वाचता येत नाही.

१९५६ साली केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी अशा लिखाणातला थोडासा भाग वाचला. सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाचा रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं. ‘रेणूचा आजार’ हा शब्दप्रयोगही त्यांचाच. पण फरक नेमका कुठे आहे, हे कळत नव्हतं. इन्ग्रॅम यांनी दोन्ही हिमोग्लोबिनं ट्रिप्सिन या विकराने तोडली आणि तुकडे कागदावर पसरवले, एका दिशेने विजेच्या जोरावर आणि दुसऱ्या दिशेने द्रावणाच्या. दोन्ही कागदांवरचे ठिपके जवळजवळ सगळे जुळले. एकच ठिपका आपली जागा सोडून सरकला होता. त्या ठिपक्याचा माग काढत पुढच्या काही वर्षांत संशोधक मुळाशी पोहोचले. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं होतं.

बदल एवढाच. पण व्हॅलिनला पाण्याचं वावडं. रक्तातला प्राणवायू उतरला की हा रेणू शेजारच्या रेणूला चिकटतो, त्याला तिसरा चिकटतो, त्यांचे लांबलचक दोर होतात आणि गोल लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर बनते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकते. मग हाडं ठणकतात, सांधे सुजतात, प्लीहा निकामी होते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते.

आजार ‘कसा’ होतो याचं इतकं नेमकं उत्तर वैद्यकात फार थोड्या रोगांना मिळालेलं आहे. पण गडचिरोलीत, चंद्रपुरात, नंदुरबारच्या सातपुड्यात रात्रभर कण्हणाऱ्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईचा प्रश्न ‘कसा’ हा नसतोच. तिला विचारायचं असतं, ‘माझ्याच लेकराला का?’

आपल्याकडे याचं तयार उत्तर आहे: पूर्वजन्मीचं पाप. पण आपली परंपरा या प्रश्नावर एकमुखाने बोललेली नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय पूर्वकर्म नाकारत नाहीत. पण सगळंच ठरलेलं असतं, तर औषधं कशाला आणि पिसाळलेल्या जनावरापासून पळायचं तरी कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. दैव आणि पुरुषकार यांच्या मेळातून आयुष्य घडतं, असा त्यांचा निर्वाळा. बुद्ध याहून पुढे जातात. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच होतं, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, ऋतूतले फेरफार अशी ती यादी असून कर्मविपाक हे त्यातलं केवळ एक. त्या यादीत रेणू नाहीत, आणि ते ओढूनताणून तिथे शोधण्याचा मोह टाळलेलाच बरा.

इन्ग्रॅम यांचा शोधनिबंध ऑक्टोबर १९५६ मध्ये छापून आला. त्याच महिन्यात, १४ तारखेला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. हा निव्वळ योगायोग. पण विदर्भात सिकलसेल आदिवासींप्रमाणेच तेव्हा दीक्षा घेतलेल्या समाजातही आढळतो, आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी थेट आनुवंशिकतेचाच मुद्दा उचलला आहे. विज्ञान सांगतं की मूल आईबापांचे गुण घेऊन जन्मतं, मग पूर्वकर्म त्यात शिरतं कुठून, असा त्यांचा युक्तिवाद. गरिबाची अवस्था त्याच्याच कर्मावर ढकलली की राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे होतात, हेही त्यांनी तिथेच बजावलं.

म्हणजे रेणूने आईला पापातून सोडवलं. ही सुटका लहान नाही.

पण तिच्या प्रश्नाला मिळालेलं नवं उत्तर पचवायला कर्मापेक्षा अवघड आहे. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून दाखवलं की, आईबापांपैकी एकाकडूनच हा बदल आलेला असेल, तर जीवघेण्या फाल्सिपॅरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे हा बदल टिकला. जंगलातल्या कुणा पूर्वजाला त्याने जगवलं. दोन्हीकडून तो वाट्याला आलेलं मूल आज त्यापायी तळमळतं. कर्मसिद्धान्तात निदान हिशेब चोख असतो, ज्याने उचल केली त्यानेच फेडायची. इथे जमा एकाच्या खात्यावर आणि नावे दुसऱ्याच्या. या वेदनेत न्याय शोधू गेलं तर तो सापडत नाही, कारण तो तिथे ठेवलेलाच नाही. धर्माने इथे सांत्वन जरूर करावं. कारण सांगू नये.

विज्ञानानेही फार तोरा मिरवायचं कारण नाही. नायजेरियातल्या इग्बो लोकांत पुन्हापुन्हा मरून त्याच आईच्या पोटी येणाऱ्या मुलाला ‘ओग्बांजे’ म्हणतात. अशी मुलं दगावण्यामागे बरेचदा सिकलसेल असावा, असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं आहे. मूल परत आलं तर ओळखू यावं, म्हणून मृत देहावर खुणा करण्याची चाल तिथे होती. ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येईल. पण १९६८ मध्ये खुद्द पॉलिंग यांनी लिहिलं की सिकलच्या वाहकांच्या कपाळावर गोंदून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! दोन वेगवेगळी नोबेल पारितोषिकं एकट्याने मिळवलेला हा माणूस, आणि तोही शेवटी सटवाईच्या जागेवर येऊन बसला.

आपल्याकडे कपाळाऐवजी कार्ड आलं. आरोग्यसेविका बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसतात का ते पाहते. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. तिथे ‘एएस’ निघाला तर वाहक, ‘एसएस’ निघाला तर ग्रस्त. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत अशा सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवण्यात आलं. पण ‘एएस’ हा आजार नव्हे, हे गावात नीट सांगितलं नाही, तर ते कार्ड मुलीच्या लग्नाआड येतं. पापाची जागा ‘खराब रक्त’ घेतं.

उपचारांचं काय? २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे यांच्या मूळपेशी क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने बदलण्यात आल्या. गंमत म्हणजे या तंत्राने सहावी जागा दुरुस्त होत नाही. बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनतं, ते बंद करणारं बटणच निकामी केलं जातं. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. देव आणि क्रिस्पर यांच्यात निवड करण्याची गरज त्यांना वाटली नाही. अशा उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात. दिल्लीची आयजीआयबी ही संस्था स्वस्त देशी पर्यायावर काम करते आहे, त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे. तोवर आधार हायड्रॉक्सियुरिया या जुन्या, साध्या औषधाचा.

सहाव्या जागी व्हॅलिन कुणी ठेवलं, याला जबाबदार कुणी नाही. गडचिरोलीतल्या एखाद्या उपकेंद्रात हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहे की नाही, याला मात्र नावानिशी जबाबदार माणसं आहेत, आणि ‘का’ हा प्रश्न आता त्यांना विचारायला हवा.

एक गोष्ट वाचकाच्याही हातात आहे. स्थळ पाहताना पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट मागा. दोघेही एएस असतील तर दर गरोदरपणी मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, तेव्हा आधी समुपदेशकाला भेटा. एकटाच एएस असेल आणि दुसऱ्याकडे सिकल, थॅलेसेमिया किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा कुठला दोष नसेल, तर खुशाल सुपारी फोडा.