वहीतलं अक्षर

माझ्या भाच्याचा आजार सर्वांत आधी त्याच्या वहीनं सांगितला होता. सातवीत फळ्यावर सुविचार लिहायला बाई त्यालाच उठवायच्या. आठवीच्या सहामाहीला तेच अक्षर बारीक झालं, ओळ सोडून खाली घसरू लागलं. वहीवर शेरा आला, 'निष्काळजीपणा'. घरी मोबाइल काढून घेतला. मग बोलणं जड झालं, झोपेत उशी लाळेनं भिजू लागली आणि कधी उलटून न बोलणारा पोरगा ताईवर ताट भिरकावू लागला.

तिथून अडीच वर्षं गेली. हाडांचे डॉक्टर, मानसोपचार, नैराश्याच्या गोळ्या, मधल्या काळात दोन देवस्थानं. प्रत्येकानं हाताला येईल तेवढाच आजार पाहिला: कुणी थरथर, कुणी राग, कुणी घसरलेले गुण. फाइल जाड होत गेली.

शेवटी मुंबईतल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी फाइल बाजूला ठेवून ताईला विचारलं, "याला लहानपणी कावीळ झाली होती का?" झाली होती, चौथीत. गावाकडचं झाडपाल्याचं औषध दिलं, उतरली, आम्ही विसरलो. "तुमचं लग्न नात्यातलं?" हो, आमच्याच आतेभावाशी. बाईंनी त्याला तशीच डोळ्यांच्या विभागात नेलं. स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेनं सोनेरी-तपकिरी कडं दिसलं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन कमी आणि चोवीस तासांच्या लघवीत तांबं भरपूर. विल्सनचा आजार.

रोजच्या जेवणातून थोडं तांबं पोटात जातंच. गरजेपेक्षा जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. एटीपी७बी या जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असल्या की हा निचरा होत नाही. तांबं आधी यकृतात साचतं, तिथून मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं. आई-वडिलांजवळ एकेकच सदोष प्रत असते, म्हणून ते ठणठणीत राहतात. नात्यातल्या लग्नात तशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. ताई मात्र आजीच्या तांब्याच्या हंड्याला दोष देत रडत बसली. हंड्यानं हा आजार होत नाही, हे बाईंनी तिला दोनदा समजावलं. आता त्याला त्यातलं पाणी देऊ नका, एवढंच म्हणाल्या.

किनियर विल्सन यांनी लंडनमधून या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं १९१२ साली. डोळ्यातलं ते कडं कायझर यांनी १९०२ मध्येच नोंदवलं होतं. जॉन वॉल्श यांनी शरीरातलं तांबं लघवीवाटे काढणारं पेनिसिलमाइन १९५६ मध्ये पुढे आणलं, जनुक १९९३ मध्ये सापडलं. म्हणजे ज्याचं कडं ओळखता येतं आणि ज्यावर गोळी देता येते, अशा आजारापायी आमच्या पोराची अडीच वर्षं गेली. हे मला आजही सहन होत नाही.

'दुर्मीळ' या शब्दावर माझा राग आहे. तीस हजारांत एक हा जुना, प्रचलित अंदाज धरला, तरी २०११च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात पावणेचार हजार माणसं होतात. दुर्मीळ आजारांसाठी २०२१मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, केईएमसारखी केंद्रं ठरली, ठरावीक आजारांच्या उपचारासाठीची मदत पुढे ५० लाखांपर्यंत वाढवली. चांगलंच झालं. पण त्या केंद्राच्या दारापर्यंत पोरगा पोचतो कसा? गुण का घसरले असं विचारणाऱ्या वर्गशिक्षकाच्या हातून, जुनी कावीळ आठवून पाहणाऱ्या गावातल्या डॉक्टरच्या हातून. काविळीचं यकृत आणि बिघडलेलं अक्षर एका पोराच्या एकाच गोष्टीत बसवायला यंत्र लागत नाही, अर्धा तास लागतो. आमच्याकडे ओपीडीत तो अर्धा तास कुणालाच परवडत नाही, हे मी समजू शकतो. माफ करू शकत नाही.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत थरथर वाढली. असं होऊ शकतं, हे आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही धीर धरला. वर्षभरात बोलणं सुटं झालं. बटणं तो स्वतः लावतो. अक्षर मात्र परतलं नाही. परीक्षेला त्यानं लेखनिक घेतला.

सख्ख्या भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक, म्हणून बाईंनी धाकटीलाही तपासलं. तिला आहे. एकही लक्षण नसताना सापडला. सकाळी उपाशीपोटी दोघं शेजारी बसून आपापली गोळी घेतात, आणि दप्तर भरण्याआधी ताई धाकटीची वही उघडून एक पान वाचते.